सासूबाई सेबूला निघाल्या आहेत

पत्र थोडक्यात असे आहे. लिहिणाऱ्या भगिनींचे माहेर कोल्हापूरचे. गेली नऊ वर्षे त्या अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटीजवळ राहतात. पती अमेरिकन आहेत. सासू-सासरे लॅटर-डे सेंट्स चर्चचे, म्हणजे ज्यांना बहुतेक जण मॉर्मन म्हणतात त्या ख्रिस्ती पंथाचे, निष्ठावान सभासद आहेत. पती आता तिकडे जात नाहीत आणि या स्वतः कधीच गेल्या नाहीत, पण त्यावरून घरात कधी कटुता आलेली नाही. सासूबाई ६६ वर्षांच्या, निवृत्त परिचारिका. सासरे ६८ वर्षांचे. पाच वर्षांच्या नातीला आठवड्यातून तीन दिवस शाळेतून आणणे, जेवू घालणे, संध्याकाळपर्यंत सांभाळणे हे सारे तेच दोघे करतात. ऑक्टोबरमध्ये या भगिनींना दुसरे बाळ होणार आहे आणि सप्टेंबरमध्ये सासू-सासरे तरुण मिशनऱ्यांची देखभाल करण्यासाठी दीड वर्षाकरिता फिलिपिन्समधील सेबू येथे निघाले आहेत. त्यांनी अर्ज केला तेव्हा सुनेच्या दिवसांची बातमी त्यांना नव्हती. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "मला त्या मुलांजवळ असायचं आहे." पती म्हणतात, "तिला जाऊ दे." कोल्हापूरहून आई फोनवर म्हणते, "पोटच्या नातवंडाला टाकून परक्या पोरांचं करायला निघाल्या, असलं कुठं बघितलं नाही बाई." भगिनी विचारतात: "त्यांना थांबा म्हणण्याचा मला हक्क आहे का? आणि नसेल, तर माझ्या या रागाचे मी काय करू?"

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. पहिल्या वाचनात मला तुमचाच राग आला, दुसऱ्या वाचनात तुमच्या आईचा, आणि तिसऱ्या वाचनात तुम्ही घाईघाईने उरकलेल्या एका वाक्यापाशी मी थांबले. त्या वाक्याकडे मी येणारच आहे. पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर ताटकळत ठेवणे बरे नव्हे, म्हणून ते आधी देते. तुम्हाला जे वाटते ते सासूबाईंना स्पष्ट शब्दांत सांगण्याचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे. त्यांना थांबवण्याचा नाही. या दोन गोष्टी एकच आहेत असे समजून तुम्ही गप्प बसला आहात, आणि राग त्या गप्प बसण्यातूनच साचत चालला आहे असे मला वाटते.

मिशनरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येते. तुमच्या कोल्हापूरपासून मिरज फार दूर नाही, तिथे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेले रुग्णालय तुमच्या आजीच्या पिढीत सगळ्यांना 'मिशनचा दवाखाना' म्हणून ठाऊक होते. आयुष्याची उमेदीची वर्षे परमुलखात घालवणारा, तिथलाच होऊन जाणारा प्रौढ मनुष्य, अशी आपली मिशनऱ्याची कल्पना. तुमच्या सासरच्या चर्चची रीत निराळी आहे. तिथे मिशनरी म्हणजे मुख्यतः कोवळी मुले. मुलगे वयाच्या १८व्या वर्षापासून दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी. कुठे जायचे हे त्यांनी निवडायचे नसते. नेमणूक सॉल्ट लेक सिटीतल्या मुख्यालयातून येते. २०२४ अखेर अशा तरुण मिशनऱ्यांची संख्या जगभरात ७४ हजारांहून अधिक होती. (हे चर्च आपल्याकडेही फार नवे नाही. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा त्यांचा एक प्रचारक मुंबईत उतरला होता आणि पुढे काही काळ पुण्यातही राहिला होता.)

आता हे डोळ्यांपुढे आणा. काल-परवापर्यंत ज्याची सकाळची भांडी आई घासत होती, असा एक मुलगा दोन बॅगा घेऊन सेबूच्या विमानतळावर उतरतो. छातीवर नावाची काळी पाटी, अंगावर पांढरा शर्ट, आणि प्रशिक्षणात सहा-सात आठवडे शिकलेली तिथली तोडकीमोडकी सेबुआनो भाषा. त्याला एक जोडीदार मिळतो. त्या जोडीदाराची निवड त्याने केलेली नसते, पण रात्रंदिवस त्याच्याच सोबत राहायचे असते. साधारण सहा आठवड्यांनी बदल्या होतात आणि जोडीदार किंवा गाव, कधी दोन्ही, बदलतात. दिवसभर उन्हात चालायचे, दारे ठोठावायची, बहुतेक दारांतून नकार घ्यायचा. घरची आठवण आली तरी उठून घरी जाता येत नाही.

या मुलांच्या मागे जे दोन-चार वडीलधारे उभे असतात, त्यांत तुमचे सासू-सासरे असणार आहेत. प्रमुखाचे काम मिशन अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी पाहतात. त्यांची नेमणूक तीन वर्षांची असते आणि त्यांच्या हाताखाली शंभराहून अधिक मुले-मुली असतात. एवढ्यांचा संसार दोघांना ओढवत नाही, म्हणून ज्येष्ठ जोडपी लागतात. ती दारोदार फिरत नाहीत, तरुणांचे कडक वेळापत्रकही त्यांना लागू नसते. त्यांचे काम जवळजवळ घर चालवण्याचे असते. मुलांच्या भाड्याच्या खोल्यांचे करार, विजेची बिले, पिण्याच्या पाण्याची सोय, व्हिसाची कागदपत्रे, गाड्यांची दुरुस्ती हे सासऱ्यांकडे येईल. खोल्यांची पाहणी ही स्वतंत्र गोष्ट आहे: खिडकीची जाळी फाटली आहे का, कारण सेबूत डेंग्यू असतो, पंखा चालतो का, गाद्यांना बुरशी आली आहे का, आणि स्वयंपाकघरात नूडल्सच्या पाकिटांखेरीज काही आहे का.

सासूबाई परिचारिका होत्या, म्हणजे त्यांचा फोन रात्रीही वाजणार. पलीकडून एकोणीस वर्षांचा मुलगा सांगेल की त्याला तीन दिवस ताप आहे, पण त्याने कोणाला सांगितले नाही, कारण जोडीदाराचे काम अडले असते. एखादीला गल्लीतला कुत्रा चावलेला असेल आणि जखम किरकोळ दिसते म्हणून ती दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबायचे म्हणत असेल. तेव्हा तिला त्याच क्षणी नळाखाली साबणाने जखम पंधरा मिनिटे धुवायला लावणे आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी नेणे हे कोणीतरी ठामपणे करावे लागते. एखाद्याच्या शरीराला काहीच झालेले नसते, तो फक्त सकाळी अंथरुणातून उठत नाही. ते ओळखायला नुसती वैद्यकीय माहिती पुरत नाही. आई असावे लागते, किंवा आई होऊन गेलेले असावे लागते.

आता मी त्या वाक्याकडे येते. तुम्ही लिहिता, "माझा नवराही २००६ मध्ये मिशनवर ब्राझीलला गेला होता, पण पाचव्या महिन्यात आजारी पडून परत आला, त्याविषयी आमच्या घरात कोणी बोलत नाही." आणि लगेच पुढच्या ओळीत तुम्ही शाळेच्या वेळांकडे वळता.

भगिनी, २००६ म्हणजे काय हे जरा मोजून पाहा. आज ही तरुण मुले दर आठवड्याला घरी फोन करू शकतात, आईचा चेहरा पाहू शकतात. पण ही मुभा मिळाली २०१९च्या फेब्रुवारीत. तोवर आठवड्याला एक ई-मेल आणि वर्षातून दोन फोन, एक नाताळात आणि एक मातृदिनाला, अशी रीत होती. म्हणजे १९ वर्षांचा तुमचा नवरा जेव्हा हळूहळू खचत होता, तेव्हा त्याच्या आईला त्याचा आवाजही ऐकू येत नव्हता. ती स्वतः परिचारिका होती. इतरांच्या मुलांच्या नाडीवर तिचा हात होता आणि स्वतःच्या मुलाविषयी तिला जे कळले ते आठवड्याच्या पत्रातून, तेही त्याने लिहिले तेवढेच. नंतर तो परतला. ज्या समाजात दोन वर्षे पूर्ण करून येणाऱ्या मुलाचे विमानतळावर फुगे आणि फलक घेऊन स्वागत होते, तिथे पाचव्या महिन्यात परतलेल्या मुलाच्या घरी काय शांतता पसरली असेल, याची कल्पना तुम्ही आणि मी बाहेरून पुरती करू शकत नाही. वीस वर्षे त्या घरात त्याविषयी कोणी बोलत नाही, यावरूनच काय ते ओळखावे.

सासूबाईंच्या मनात काय आहे हे मी इतक्या दुरून ठामपणे सांगू शकत नाही, आणि तसा आव आणणे चुकीचे ठरेल. पण "मला त्या मुलांजवळ असायचं आहे" हे वाक्य मी या गोष्टीशेजारी ठेवून वाचले तेव्हा मला ते वेगळे ऐकू आले. तुमच्या पतींचे "तिला जाऊ दे" हेही. तुम्हाला ते शब्द उदासीनतेचे वाटले. मला वाटते, एवढे बोलायलाही त्यांना बरेच लागले असेल. तुमच्या आई ज्यांना परकी पोरे म्हणतात, त्यांतला एक तुमच्या घरात राहतो.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की सासूबाईंशी बोलण्याआधी पतींशी बोला. सप्टेंबरविषयी बोलू नका, ब्राझीलविषयी बोला. तिथे तुझ्याजवळ कोण होते, एवढेच विचारा आणि ऐकत राहा. कदाचित कोणी नव्हते असे उत्तर येईल. कदाचित एखादे म्हातारे जोडपे होते, त्यांनी दवाखान्यात नेले, विमानतळावर सोडले, असे निघेल. कदाचित ते काहीच सांगणार नाहीत, आणि मग तुम्ही पुन्हा विचारू नये. काहीही निघाले तरी पुढचे बोलणे तुम्ही वेगळ्या मनाने कराल.

त्यानंतर सासूबाईंकडे जा, आणि एकट्या जा. पतींना निरोप्या करू नका. मुलगा आईकडे बायकोचा निरोप घेऊन गेला की तो निरोप पोहोचेपर्यंत तक्रार झालेला असतो. बोलताना तुमच्या आईचे वाक्य बरोबर नेऊ नका. ते वाक्य प्रेमापोटी आलेले आहे, पण ते कोल्हापूरच्या अंगणातले आहे आणि तिथेच राहू द्यावे. तुम्ही तुमचे म्हणा. मला भीती वाटते. पहिल्या बाळंतपणात तुम्ही होता, या वेळी नसाल, याचे मला वाईट वाटते. मुलीला काय सांगावे मला सुचत नाही. ही तीन वाक्ये तुमच्या पत्रातच आहेत. मी फक्त त्यांभोवतीचा राग काढून ठेवला.

इथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगते, कारण ती मी बरीच वर्षे मनात बाळगली आहे. माझ्या धाकट्या मुलाच्या वेळी मला सातवा महिना होता आणि माझे सासू-सासरे पायी नर्मदा परिक्रमेला निघाले. ओंकारेश्वराहून संकल्प करून उचललेली ती वाट. पाच महिने लागले. मी एक शब्द बोलले नाही. त्यांच्या पिशवीत सुंठीचे लाडू भरून दिले, नमस्कार केला आणि आत जाऊन दार लावून घेतले. ते परतले तेव्हा बाळ तीन महिन्यांचे होते. मी ते सासूबाईंच्या मांडीवर ठेवले आणि काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेले. पुष्कळ वर्षांनी, त्यांच्या शेवटच्या दुखण्यात, मी तो विषय काढला. मला वाटले होते त्या म्हणतील की तू बोलली असतीस तर थांबलो असतो. त्या म्हणाल्या, "तू बोलली असतीस तरी निघालोच असतो गं. पण मग रोज संध्याकाळी नदीकाठी तुझी आठवण काढताना चोरट्यासारखं वाटलं नसतं." त्यांचे हे म्हणणे मला अजून पुरते पचलेले नाही. पण मी बोलायला हवे होते, हे मला त्या दिवशी कळले.

आता व्यवहाराचे. तुम्ही एक विनंती मात्र जरूर करू शकता, आणि ती एकदाच करावी: निघण्याची तारीख सप्टेंबरऐवजी जानेवारी करता येईल का. अर्जातच आपण केव्हापासून मोकळे आहोत हे जोडप्याला लिहायचे असते, आणि अर्ज केला तेव्हा बाळाची बातमी त्यांना नव्हती, हे कारण प्रामाणिक आहे. स्थानिक बिशपांमार्फत विचारणा करायला काहीच हरकत नाही. मात्र सेबूच्या कार्यालयातले आधीचे जोडपे कदाचित सप्टेंबरातच परतत असेल, त्यांची जागा रिकामी राहणार असेल. उत्तर नाही असे आले तर ते तुमच्याविरुद्ध दिलेले उत्तर समजू नका. आणखी एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. ज्येष्ठ जोडप्यांवर तरुणांसारखी बंधने नसतात. ती घरी हवे तेव्हा फोन करू शकतात, आणि घरातल्या महत्त्वाच्या प्रसंगी परवानगी घेऊन, स्वतःच्या खर्चाने, थोड्या दिवसांसाठी येऊनही जाऊ शकतात. खर्च मोठा आहे आणि प्रवास एक-दीड दिवसाचा, म्हणून त्याचा आग्रह धरू नका; पण दीड वर्ष म्हणजे कुलूपबंद दीड वर्ष नाही, एवढे मनाला सांगा.

तुम्हाला त्यांच्याकडून काही गोष्टी आत्ताच ठरवून घ्यायला हव्यात, आणि त्या मागताना संकोच करू नका. त्यांचे घर बंद राहणार की भाड्याने जाणार? हिवाळ्यात तिथल्या पाण्याच्या नळ्या गोठू नयेत म्हणून कोण जाणार, पत्रे कोण उचलणार, गाडी कोण चालती ठेवणार? न ठरवता गेले तर हे सारे तुमच्या पतींवर, म्हणजे फिरून तुमच्यावर, तान्ह्या बाळासह येईल. ते काम दुसऱ्या मुलाकडे किंवा शेजाऱ्यांकडे लेखी सोपवून जा, असे सांगण्यात कसलाही उद्धटपणा नाही. सासऱ्यांच्या रक्तदाबाचा तुम्ही उल्लेख केला आहे. मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, साधारणपणे अमेरिकेबाहेरच्या उपचारांचा खर्च देत नाही, म्हणून त्यांच्या विम्याची व्यवस्था काय आहे हे विचारा. सेबू निसर्गाच्या दृष्टीनेही सोपी जागा नाही. डिसेंबर २०२१च्या ओडेट वादळानंतर तिथे अनेक भागांत कित्येक आठवडे वीज आणि पाणी नव्हते. तशा प्रसंगी संपर्क कसा होईल हे आधी बोलून ठेवले तर तुम्ही रात्र-रात्र जागणार नाही.

मुलीचे मला जास्त वाटते. पाच वर्षांच्या मुलाला दीड वर्ष कळत नाही. 'तू दुसरीच्या वर्गात बसशील तेव्हा' हे कळते. तिला शेवटच्या आठवड्यात सांगू नका, आतापासून सांगा, आणि आजी-आजोबांनाच सांगू द्या. फोनची वेळ पक्की करा. उन्हाळ्यात सेबू तुमच्या पुढे चौदा तास असते, नोव्हेंबरपासून पंधरा. तुमच्याकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा तिथे दुसऱ्या दिवशी सकाळचे आठ किंवा नऊ झालेले असतात. तिच्या रात्रीच्या जेवणाची वेळ म्हणजे त्यांच्या न्याहारीची. शाळेतून आणण्याचे जे तीन दिवस होते, त्याच तीन दिवशी फोन झाला तर तिच्या आठवड्याचा आकार फारसा मोडणार नाही. आजी आज उद्यात आहे, ही गंमत तिला फार आवडेल असा माझा अंदाज आहे.

ते तीन दिवस आता कोण करणार, हा प्रश्न मात्र सासू-सासऱ्यांचा नाही, तुम्हा दोघांचा आहे, आणि इथे मी थोडी कठोर होते. आजी-आजोबांनी इतकी वर्षे जे केले ते त्यांनी प्रेमाने केले. ते त्यांचे कर्तव्य होते असे धरून आता त्यांचा हिशेब मांडू नये. तुम्ही दोघे मिळून कंपन्यांत रजेची चौकशी करा. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी किमान वर्षभर पुरेसे तास काम केलेले असेल, तर अमेरिकी कायद्याने १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते, आणि ती वडिलांनाही मिळते. तुमच्या पतींनी ती घ्यावी, आणि शक्य असेल तर तुमच्या रजेनंतर घ्यावी, म्हणजे बाळ सहा महिन्यांच्या जवळ येईपर्यंत घरात कोणीतरी आपले असेल.

आणि उरल्या तुमच्या आई. त्या रागावल्या आहेत यामागे मला आणखी एक गोष्ट दिसते. पहिल्या बाळंतपणाला त्यांना येता आले नव्हते असे तुम्ही लिहिले आहे. सारे सासूबाईंनी केले. आता ती जागा रिकामी होते आहे, आणि तुम्ही आईला बोलावण्याऐवजी तिच्यापाशी रडत आहात. त्यांना बोलवा. बाळाला तेल लावून अंघोळ घालायला, तुम्हाला शेक द्यायला, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर करायला त्या तुमच्या घरी असाव्यात असे तुम्हाला वाटते, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या. पर्यटक व्हिसावर विमानतळावरचे अधिकारी साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहण्याची मुभा देतात. सप्टेंबरच्या आरंभी त्या आल्या तर सासूबाई निघण्यापूर्वी दोघी काही दिवस एकाच स्वयंपाकघरात असतील. भाषा फारशी जुळणार नाही. सासूबाई त्यांना तुमच्या पहिल्या बाळंतपणातले औषधांचे कागद दाखवतील, तुमच्या आई त्यांना बाळाचे डोके कसे गोल करतात ते हातांनी दाखवतील. आईंनी त्यांना एकदा प्रत्यक्ष पाहिले, त्यांच्या बॅगेत काय काय भरले आहे ते पाहिले, की फोनवरचे ते वाक्य त्या पुन्हा म्हणतील असे मला वाटत नाही.

मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखतीची तारीख मिळायला फार वेळ लागू शकतो. त्यांचा पासपोर्ट चालू आहे का ते आजच विचारा आणि अर्ज याच आठवड्यात भरा.